नगरपरिषदेच्या स्वहिश्श्यासाठी कर्ज: प्रस्ताव पाठवण्यापूर्वीची तयारी

पाणीपुरवठ्याची किंवा भुयारी गटाराची मोठी योजना मंजूर झाली की केंद्राचा आणि राज्याचा वाटा कागदावर ठरलेला असतो; प्रश्न उरतो तो नगरपरिषदेच्या स्वहिश्श्याचा. 2021 साली सुरू झालेल्या अमृत 2.0 या शहरी पाणीपुरवठा व मलनिस्सारणाच्या केंद्रीय योजनेत एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहराला पाणीपुरवठ्यासाठी केंद्राकडून निम्मा खर्च मिळतो आणि उरलेला भार राज्य व नगरपरिषद उचलतात. हा हिस्सा स्वनिधीतून किंवा वित्त आयोगाच्या अनुदानातून भागत नसेल, तर राज्य शासनाकडून, शासनाच्या कंपनीमार्फत किंवा शासनाच्या हमीवर हुडको (केंद्र सरकारची गृहनिर्माण व नगरविकासासाठी कर्ज देणारी कंपनी) सारख्या संस्थेकडून कर्ज घ्यावे लागते. पुढील तयारी मुख्यतः ‘क’ वर्ग, म्हणजे 25 ते 40 हजार लोकसंख्येच्या नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, लेखापाल आणि सभागृहातील सदस्य यांना डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे.

अशी फाईल प्रकल्प अहवालातील त्रुटीपेक्षा वसुलीच्या रकान्यात जास्त अडते, असे माझे मत आहे. म्हणून सुरुवात मागणी-वसुली पत्रकापासून, म्हणजे किती कर येणे होता आणि किती वसूल झाला याच्या तक्त्यापासून, करावी. किमान तीन आर्थिक वर्षांची पत्रके काढून त्यांत चालू मागणी आणि मागील थकबाकी स्वतंत्र दाखवावी, आणि घरपट्टी व पाणीपट्टी यांची टक्केवारी एकत्र करू नये. घरपट्टीची वसुली बरी आणि पाणीपट्टीची लंगडी असताना दोन्हींची सरासरी काढून आकडा सजवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, पण पाणी योजनेचे कर्ज फेडायचे असताना तपासणारा अधिकारी नेमका पाणीपट्टीचाच रकाना उघडतो. थकबाकीचीही फोड करावी: न्यायालयात वाद असलेल्या मिळकती, बंद पडलेल्या नळजोडण्यांवर चढत राहिलेली मागणी, दुबार नोंदी आणि शासकीय कार्यालयांकडील येणे. दुबार व मृत नोंदी नियमानुसार कमी करून घेतल्या की वसुलीची टक्केवारी प्रामाणिकपणे सुधारते. शासकीय कार्यालयांना मात्र आधी लेखी मागणी करून त्या पत्रांच्या प्रती प्रस्तावाला जोडाव्यात. चतुर्थ वार्षिक कर आकारणी लांबली असेल तर तिचा कार्यक्रम तारखांसह द्यावा. ती सुरूच झालेली नसेल तर पुढील उत्पन्नवाढीचे सगळे अंदाज कच्चे ठरतात. वसुली नोंदवही, रोकडवही आणि बँकेचे विवरण यांचा मेळ लेखापालाने स्वतः बसवावा, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेतील प्रलंबित मुद्द्यांचे अनुपालन त्याच वेळी हाती घ्यावे.

यानंतर परतफेडीचे गणित एका पानावर, पाढ्यांच्या भाषेत मांडावे. समजा, योजना 60 कोटी रुपयांची आहे, स्वहिस्सा 10 टक्के, म्हणजे 6 कोटी आहे आणि तेवढेच कर्ज 9 टक्के दराने 15 समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे आहे. वर्षाचा हप्ता साधारण 74 लाख 40 हजार रुपये येतो. शहरात 9,000 नळजोडण्या असतील, तर दर जोडणीमागे वर्षाला सुमारे 827 रुपयांचा बोजा पडतो, आणि हा आकडा सभागृहात कोणालाच जड वाटत नाही. पण प्रत्यक्षात दहापैकी सहाच जोडणीधारक पट्टी भरत असतील, तर भरणाऱ्यांच्या वाट्याला तोच बोजा 1,378 रुपये होतो. शिवाय हा निव्वळ हप्ता झाला. नव्या पंपांचे वीजबिल, तुरटी-क्लोरीन, गळती दुरुस्ती आणि शुद्धीकरण केंद्रावरील माणसे यांचा खर्च निराळा. योजना पूर्ण झाल्यावर वीजबिल आणि हप्ता एकाच महिन्यात दारात उभे राहतात, आणि आधी थकतो तो हप्ता. मुद्दल फेडण्यास सुरुवातीची दोन वर्षे सवलत मिळाली तरी त्या काळातले व्याज माफ होत नाही: 6 कोटींची पूर्ण उचल झालेली असेल, तर 9 टक्क्यांनी ते वर्षाला 54 लाख होते. ते त्या त्या वर्षी भरायचे की मुद्दलात मिळवायचे, हे आधीच विचारून घ्यावे.

सर्वसाधारण सभेचा ठराव ही दुसरी महत्त्वाची बाब. कर्ज घेण्यासाठी शासनाची मान्यता लागते आणि 1914 चा स्थानिक प्राधिकारी कर्ज अधिनियम आजही लागू आहे, त्यामुळे ‘आवश्यक ते कर्ज घेण्यास मंजुरी देण्यात येत आहे’ अशा मोघम ओळीने भागत नाही. ठरावात कर्जाची कमाल रक्कम, प्रयोजन, मुदत, परतफेडीचे साधन, तारण ठेवायचे उत्पन्न आणि करारावर सही करण्याचे अधिकार कोणाला, हे स्पष्ट लिहावे. पाणीपट्टी वाढवायची असेल तर तिचे टप्पे वर्षनिहाय त्याच सभेत मंजूर करावेत, कारण दरवाढीचा विषय निवडणुकीनंतर घेऊ म्हणून बाजूला पडला की तो पुन्हा पटलावर येत नाही. प्रशासक असतानाच्या काळात ठराव झालेला असेल, तर नव्या सभागृहाने तो वाचून कायम करून घेणे शहाणपणाचे ठरते.

तांत्रिक कागदांची जुळवाजुळव तुलनेने सरळ असते: तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, जलसंपदा विभागाचे पाणी आरक्षण, जलकुंभ व शुद्धीकरण केंद्राच्या जागेचा सातबारा आणि प्रत्यक्ष ताबा, महामार्ग किंवा रेल्वेखालून जलवाहिनी नेण्याची परवानगी, महावितरणकडील जोडभाराचा अर्ज. यांत जागेच्या ताब्याबाबत ढिलाई करू नये. सातबाऱ्यावर नाव नगरपरिषदेचे आणि जागेवर अतिक्रमण, ही स्थिती असेल तर काम रेंगाळते आणि उचललेल्या कर्जावर व्याज चालू राहते.

मंजुरीचा मसुदा हाती आला की अटी ओळीने वाचाव्यात. अनुदानाचा वाटा साधारणतः मंजूर किमतीवरच मिळतो. निविदा चढ्या दराने आली किंवा दरसूची बदलली, तर वाढीव खर्च नगरपरिषदेच्या अंगावर येण्याची शक्यता धरून चालावे आणि 6 कोटींवर थांबायचे की थोडी मोकळीक ठेवायची, हे तेव्हाच ठरवावे. हप्ता थकल्यास तो शासनाच्या अनुदानातून परस्पर वळता करून घेण्याची अट असेल, तर लहान नगरपरिषदेत तिचा पहिला फटका कर्मचाऱ्यांच्या पगाराला बसतो. तेव्हा ही अट आस्थापना विभागालाही दाखवावी. पाणीपट्टी एस्क्रो खात्यात (ज्यातून आधी कर्जाचा हप्ता वळता होतो अशा राखीव बँक खात्यात) जमा करायची असल्यास आजवर ती ज्या खात्यातून इतर खर्चाला वापरली जात होती, त्या खर्चाची पर्यायी तरतूद अंदाजपत्रकात करावी लागेल.

करार झाल्यावर कर्जासाठी स्वतंत्र बँक खाते आणि स्वतंत्र नोंदवही उघडावी. नोंदवहीत प्रत्येक उचलीची तारीख, व्याजदर, ठेकेदाराला दिलेले देयक, मोजमाप पुस्तिकेचा पृष्ठक्रमांक आणि पुढील हप्त्याची तारीख लिहावी. गरज नसताना पूर्ण रक्कम उचलू नये. मागील उचलीचे उपयोगिता प्रमाणपत्र (रक्कम ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) तयार झाल्यावरच पुढील मागणीपत्र काढावे. परतफेडीसाठी राखीव निधी पहिल्या हप्त्याच्या वर्षी नव्हे, तर पहिल्या उचलीच्या वर्षापासूनच बाजूला काढावा, आणि अंदाजपत्रकात त्याचे लेखाशीर्ष वेगळे ठेवावे.