विमानाच्या पायांवर फेअरिंग बसवताना या चुका टाळा

आरव्ही-६ किंवा आरव्ही-७ सारख्या, किट आणून घरी बांधलेल्या विमानाचा मुख्य पाय म्हणजे स्प्रिंग पोलादाची एक निमुळती गोल दांडी. उघडी दांडी वाऱ्याला फार अडवते. तेवढ्याच जाडीला माशासारखा आकार दिला तर हा विरोध जवळपास दहाव्या भागावर येतो. म्हणून तिच्यावर फायबरग्लासचं फेअरिंग, म्हणजे वारा कापणारं आवरण, चढवायचं आणि मागची कड पियानो बिजागरीने, म्हणजे मधून सळई सरकवायच्या लांब सलग बिजागरीने, बंद करायची. दोन संध्याकाळींत उरकेल असं वाटतं. पण हे आवरण म्हणजे छोटा उभा पंखच आहे. तो तिरका बसला की विमान सतत एका बाजूला नाक वळवतं आणि पायलट रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या पेडलवर, पाय दाबून थकतो.

चाकांवर उभ्या विमानाची जुळवणी

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. जमिनीवर विमानाच्या वजनाने पाय फाकतात. हवेत गेल्यावर ते पुन्हा आत येतात. शिवाय शेपटीचं चाक असलेलं विमान जमिनीवर नाक वर करून बसतं. या अवस्थेत घेतलेलं माप उड्डाणात लागू पडत नाही. आधी विमान जॅकवर घ्या, खाली भक्कम आधार द्या, चाकांवरचा भार पूर्ण काढा आणि शेपटी उचलून कॉकपिटच्या कडेचे लाँजेरॉन (सांगाड्याच्या लांब आडव्या पट्ट्या) लेव्हलमध्ये आणा.

नजरेच्या अंदाजावर काम

फेअरिंगची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी १५ सेंमी धरली, तर एक अंशाच्या चुकीने मागची कड जेमतेम अडीच मिलिमीटर सरकते. डोळ्यांना हे दिसत नाही. सुताराचीच पद्धत वापरा. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पडद्याच्या) आणि शेपटीच्या मध्यावरून ओळंबे सोडा आणि त्या दोन बिंदूंमधून जमिनीवर सूत मारा. मग एक दोरी फेअरिंगच्या पुढच्या गोलाईवरून आडवी घेऊन दोन्ही बाजूंनी मागे ओढा. दोन्ही टोकं अगदी सारख्या लांबीची ठेवून, पुढच्या कडेपासून मीटरभर मागे एकत्र बांधा. त्या गाठीवरून एक ओळंबा, पुढच्या कडेवरून दुसरा. मधल्या रेघेपासून दोघांचं अंतर सारखं आलं पाहिजे. इथे एक अंशाची चूक साडेसतरा मिलिमीटर दाखवते, म्हणजे ती लपत नाही. हे माप फेअरिंगच्या वरच्या भागात घ्या आणि खालच्या भागातही घ्या, कारण बिजागरीची छिद्रं पाडताना फायबरग्लासला पीळ बसलेला असू शकतो. पीळ असेल तर बिजागरी पुन्हा बसवा. रंगाखाली तो दडवू नका.

क्लिप आवळून मोकळं होणं

फेअरिंगला पायावर धरून ठेवणारी होज क्लिप आवळताना फेअरिंग हमखास थोडं फिरतं, त्यामुळे दोरीचं माप आवळल्यानंतर परत घ्या. पाय खाली निमुळता होत जातो, म्हणून नुसती क्लिप हादऱ्यांनी खाली घसरते. तिच्याखाली रबराची पट्टी द्या.

ब्रेकची नळी विसरणं

ही चूक मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती बाहेरून दिसत नाही. नळी फेअरिंगच्या आत पायालगत जाते. पाय लवतो, आवरण हलतं, आणि कडेला घासून नळीला भोक पडतं. लाल हायड्रॉलिक तेल पेट घेतं आणि खाली तापलेली ब्रेक डिस्क असते. नळी पायाला घट्ट बांधा, घासण्याच्या जागी वेष्टन द्या, आणि बिजागरीची सळई सरकवताना ती नळीला लागत नाही ना, हे टॉर्च लावून पाहा.

सळईवरून आठवलं: ती वरून काढायची की खालून, हे आधीच ठरवा. वर विमानाचं पोट आणि खाली चाकाचं आवरण आल्यावर सळई ओढायला जागाच उरत नाही.

चाकांची थरथर कमी करायला पायाला लाकडी पट्टी चिकटवणार असाल तर ती आधी चिकटवा. तिच्या जाडीमुळे फेअरिंग वेगळं बसतं. पाय आणि चाकाचं आवरण यांच्यामधला सांधा शेवटी बनवा. तो एकाच बाजूला पक्का करा आणि दुसरीकडे फट ठेवा. दोन्हीकडे जखडला तर पाय लवताच फायबरग्लास तडकतं.

चेंडू मध्यावर राहत नसेल तर

चेंडू म्हणजे विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणाऱ्या कॉकपिटमधल्या वाकड्या नळीतली गोळी. ती मध्यावर राहत नसेल तर लगेच रडरवर ट्रिमची पट्टी, म्हणजे रडर कायम थोडा एका बाजूला ढकलणारी छोटी पट्टी, लावू नका. तिने दोष झाकला जातो आणि विरोध वाढतो. आधी फेअरिंग आणि चाकांची आवरणं काढून उडा, ठरलेल्या वेगाला चेंडू कुठे राहतो ते लिहून ठेवा. मग फक्त पायांची फेअरिंग लावून त्याच वेगाने उडा. त्यानंतर चाकांची आवरणं. एका वेळी एकच बदल केला तर दोषी कोण ते आपोआप कळतं. मुळातच चेंडू सरकलेला असेल तर फेअरिंगचा दोष नाही. रडरची जुळणी तपासा.

मापं जुळल्यावर क्लिप आणि फेअरिंग या दोघांवरून लाल रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या प्रत्येक तपासणीत ती रेघ तुटलेली दिसली, तर ओळंबा परत बाहेर काढा.