फौजी कंपनीचं नाणं कसं घडवावं

पहिलं नाणं मला काँगोत मिळालं, गोमा शहरात. आमची पलटण यूएनच्या मोहिमेवर होती. निघायच्या दिवशी एका परदेशी मेजरने हात मिळवला आणि तळहातात काहीतरी गार, जड सरकवलं. मला वाटलं बक्षिशी देतोय, डोकंच फिरलं. मूठ उघडली तर त्याच्या तुकडीचं नाणं. अमेरिकी फौजेत याला चॅलेंज कॉइन म्हणतात. एकाने आपलं नाणं टेबलावर आपटलं की बाकीच्यांनी आपापलं काढायचं. ज्याच्या खिशात नसेल त्याने सगळ्यांना पाजायचं. पहिल्या महायुद्धात एका वैमानिकाचा जीव अशा नाण्यामुळे वाचला म्हणतात. गोष्ट झकास आहे, पुरावा मात्र कुणी दाखवत नाही.

पेन्शन आल्यावर पलटणीतल्या आमच्या कंपनीच्या खान्देशी लोकांनी, म्हणजे चाळीसगाव, पारोळा, अमळनेरकडच्या ३१ जणांनी, आपलं नाणं काढलं. तुम्हालाही काढायचं असेल तर आधी चित्र ठरवा, आणि एकच ठरवा. आमच्या पहिल्या कागदावर तलवारी, डोंगर, रायफल, तिरंगा आणि झाडून सगळ्या पोस्टिंगची गावं होती. जळगावच्या सराफ बाजारातल्या कारागिराने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "आप्पा, हाई नाणं शे का सातबारा?"

मग त्यानेच विचारलं, तुम्ही भेटलात की कशावर हसता? बुखारीवर. कुपवाड्यात वरच्या पोस्टवर आमच्या बंकरमध्ये पत्र्याची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी होती. तिची नळी वाकडी, आणि रात्री दोनला धूर बरोबर आतच सोडायची. ठरलं. नाण्यावर वाकड्या नळीची बुखारी, बस. परक्याने "हे काय?" म्हणून विचारलं पाहिजे आणि आपल्या माणसाला ते विचारावं लागू नये, एवढी एक कसोटी लावा. तलवार तर दुकानाच्या पाटीवरही असते.

मागच्या बाजूला आम्ही मराठा लाइट इन्फंट्रीचं ब्रीद घेतलं: कर्तव्य, मान, साहस. रेजिमेंटचं चिन्ह टाकायचं असेल तर आधी पलटणीला पत्र लिहून विचारा. अशोकस्तंभाचे सिंह टाकूच नका. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. रुपयाची खूण आणि किमतीचा आकडाही नको, नाहीतर गंमत अंगाशी येईल.

आता माप. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं. ते हात मिळवताना तळव्यात हरवतं. आम्ही ४५ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडी घेतली. पितळेत त्याचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास भरतं, सराफाच्या भाषेत चार तोळे. ६० मिमीचं केलंत तर ते खिशात राहत नाही, शोकेसमध्ये जाऊन बसतं. पितळ बाजारातून पत्र्याचंच घ्या. काडतुसाचं पितळही ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्तच असतं, पण रिकाम्या पुंगळ्या वितळवायचा विचार मनात आणू नका. फायरिंगनंतर एकेक पुंगळी मोजून जमा केलेली आहे, विसरलात का? माझा चुलतभाऊ वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात होता. त्याला नुसतं विचारलं, तर तो आठवडाभर बोलला नाही.

सगळ्यात जास्त डोकं अक्षरांवर घाला. इंग्रजी अक्षरं गोल कडेने सहज वळतात. मराठीत शिरोरेघ असते, वर रफार, वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार. शिरोरेघ वर्तुळाबरोबर वाकवून घ्या, आणि तिच्या व काठाच्या मध्ये निदान अडीच मिमी मोकळी सोडा. आम्ही सोडली नाही. पहिल्या नमुन्यात काठाने रफार खाल्ला आणि 'कतव्य' उमटलं. आमचे सुबेदारसाहेब चष्मा वर करून म्हणाले, "कर्तव्यात कसूर." मजकूर वरच्या कमानीतच ठेवा. खालच्या कमानीत शिरोरेघ आतल्या अंगाला येते आणि उकार काठावर आपटतात; तिथे फक्त साल घाला.

पोलादी ठसा उलटा कोरतात, त्यामुळे त्यावरची चूक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो शिशाच्या तुकड्यावर उमटवून घ्या आणि त्या दिवशी घरच्या शाळकरी पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. आपण वाचतो ते मनातलं असतं, पोरगं वाचतं ते समोरचं. मंजुरी त्यानंतरच द्या. ठसा एकदा कडक केला की दुरुस्ती जवळजवळ नाहीच, नवा कोरावा लागतो.

पितळेच्या चकत्या तावून नरम करतात, मग प्रेसमध्ये दाबतात. रंगीत मिना भरायचा मोह होतो; माझं मत, भरू नका. किल्ल्यांबरोबर घासून घासून तो टवके सोडतो. त्यापेक्षा सगळं नाणं काळवून उंच भाग घासून उजळवा. बुखारी काळीच बरी दिसते.

कडेवर प्रत्येकाचा क्रमांक ठोकून घ्या. क्रमांक हुद्द्याने लावू नका, पोस्टवर ज्या क्रमाने पोहोचलात त्या क्रमाने लावा. आमच्यातले दोघे गेलेत. त्यांची नाणी घरी पोचवली, तो क्रमांक पुन्हा कुणाला नाही.

देताना डबी नको, भाषण नको, हार तर नकोच. हात मिळवा, सरकवा, सोडा.

पाजण्याची अट आम्ही बदलली. नाणं विसरला त्याने हिवाळ्यात शेतावर भरीत-पुरी घालायची, कळण्याच्या पुऱ्यांसकट. गेल्या डिसेंबरात शर्ट बदलला आणि नाणं जुन्या खिशात राहिलं. सात किलो वांगी भाजली, मीच.