सल काढायला बॅटरीची करवत, बांधावरच्या बाभळीला पेट्रोलची

आमची मोसंबीची बाग अंबड तालुक्यात, अडीच एकर, झाडं २७०. आंबे बहाराची (आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुलणाऱ्या बहाराची) फळं उतरली की ताणावर सोडायच्या, म्हणजे पाणी तोडायच्या, आधी सल, म्हणजे झाडातलं वाळकं लाकूड, काढावी लागते. वाळक्या काड्या हातानं मोडतात, बोटाएवढ्या कात्रीनं तुटतात. मनगटाएवढी वाळलेली फांदी आली की मात्र कोयता घ्यावा लागायचा, आणि कोयत्यानं साल फाटायची. फाटलेल्या सालीतून डिंक्या रोगाला आयतीच वाट. म्हणून तीन वर्षांमागं बॅटरीवर चालणारी सहा इंची चेनची करवत आणली. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती उलटीसुलटी करून पाहिली. "काय गं माय, लेकराचं खेळणं आणलं काय?" घरात ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची (जिच्यावर चेन फिरते ती पट्टी) पेट्रोल करवत आधीच होती, त्यामुळं त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

दोन्ही वापरून माझा हिशोब असा झालाय: मनगटाएवढ्या फांदीपर्यंत बॅटरी, पिंडरीएवढ्या खोडापासून पुढं पेट्रोल. मधल्या जाडीला बॅटरी चालते, पण रेटायची नाही.

कारण ताकदीचं नाही, कामाच्या पद्धतीचं आहे. सल काढताना कापणं कमी आणि चालणं जास्त. दहा सेकंद कापायचं, मग झाडाभोवती फिरून पुढची वाळकी फांदी शोधायची. पेट्रोलची करवत तेवढा वेळ हातात गुरगुरत राहते, धूर सोडते. बंद केली तर दर वेळी दोरी ओढा. पट्टीसकट सहा किलोच्या वर वजन घेऊन मोसंबीच्या फांद्यांखाली वाकून शिरायचं म्हणजे दुपारपर्यंत कंबर गेली. बॅटरीवाली खटका सोडला की गप्प. एका बॅटरीत माझी बारा-पंधरा झाडं होतात. दोन बॅटऱ्यांवर सकाळ निघते.

घेताना डब्यावरच्या आकड्याला भुलू नका. माझ्या पहिल्या करवतीवर ४८ व्होल्ट असं मोठ्ठं छापलं होतं. बॅटरी मेली तेव्हा भाच्यानं ती उघडली, आत सेल निघाले पाच. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, म्हणजे पाच ओळीनं जोडले तरी १८, आणि पूर्ण भरल्यावर २१. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "ताई, ते मॉडेलचं नाव आहे." तेव्हा व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणून बघा, बॅटरीत एकूण किती वीज मावते ते वॅट-अवरमध्ये कळतं. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर. ३६ व्होल्टची, ४ अँपिअर-अवरची बॅटरी १४४ वॅट-अवरची, चौपट. बारा-चौदा इंची पट्टी ओढायची तर ही दुसरी लागते. सुटी बॅटरी आणि सुटी चेन त्याच दुकानात मिळते का, हेही पैसे द्यायच्या आधी विचारा.

आता कापायचं कसं. फांदी खोडालगत एकदम वरून कापली तर अर्ध्यात मोडते आणि खाली लोंबताना खोडाची साल हातभर सोलत नेते. म्हणून खोडापासून वीतभर पुढं आधी खालून एक काप द्या, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मग त्याच्या थोडं पुढं वरून कापा. फांदी सुटून पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढा, पण फांदीच्या बुडाशी जी फुगीर कडी असते ती राखून. कडी राहिली तर जखम भरते. त्यावर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ब्रशनं लावा.

लहान करवतीचा खरा धोका डाव्या हाताला आहे. कात्रीची सवय अशी की एका हातानं फांदी धरायची, दुसऱ्यानं कापायचं. करवत फांदीतून अचानक सुटते आणि समोर आपलाच हात असतो. माझ्या हातमोज्याच्या अंगठ्याला चीर आहे, आत अंगठा शाबूत आहे, एवढंच. पट्टीच्या टोकाची वरची बाजू लाकडाला टेकवू नका, करवत उसळून तोंडाकडं येते. खांद्याच्या वर कापू नका, शिडीवर चढून तर नाहीच. साडीवर मी ह्यांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते, पदर आत खोचून. चष्मा हवाच.

मोटर कोणतीही असो, धार नसेल तर दोन्ही करवती सारख्याच निकामी. भुगा बघा: लापशीसारखा जाडसर पडला तर चेन ठीक, पिठासारखा उडाला तर धार गेली. बॅटरी लवकर उतरते म्हणून लोक बॅटरीला शिव्या देतात, बहुतेक वेळा चेन बोथट असते. नवी चेन चढवताना वरच्या बाजूचे दात टोकाकडं तोंड करून हवेत. उलटी चढवलेली चेन मी स्वतः अर्धा तास चालवलीय, लाकूड नुसतं तापलं. लहान करवतीत बहुधा तेलाची टाकी नसते, तेव्हा दर दोन-तीन झाडांनी चेनवर तेल सोडा. घरचं करडीचं तेल मात्र नको, वाळून रोगणासारखं चिकटतं.

बांधावरची बाभूळ पेट्रोलवालीचीच. ओली असतानाच कापा, वाळली की चेनचे दात खाते. बुडाशी जुनी कुंपणाची तार गिळलेली नाही ना, ते आधी चाचपा. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणून पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच: पुस्तिकेत २५ला १ असेल तर लिटरला ४० मिली, ५०ला १ असेल तर २० मिली. आताचं पेट्रोल इथेनॉलमिश्रित, पाणी ओढतं. मिश्रण महिनाभराच्या वर ठेवू नका. काम संपलं की टाकी रिकामी करून करवत आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आम्ही एकदा तशीच ठेवली, तर पुढच्या हंगामात मामा दोरी ओढून दमले आणि शेवटी कार्बोरेटर साफ करायला जालन्याला न्यावा लागला.

आंबा, चिंच, सागवान मुळातून पाडायचं असेल तर १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. करवत काढायच्या आधी ते बघा.

बॅटरी मी घरी, गावठाणाच्या लाईनवर भरते. शेतात लाईट कधी दिवसा, कधी रात्री. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडात बॅटरी ठेवू नका, तापलेली लगेच चार्जिंगलाही लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या. हंगाम संपला की अर्धी भरलेली ठेवते. भरलेलीला लाल दोरा बांधते, कारण मामा आता शेवग्याच्या फांद्या तोडायला गुपचूप तेच खेळणं नेतात आणि उतरलेली बॅटरी परत जागेवर ठेवून देतात.