म्हाताऱ्या दरोडेखोराचा चित्रपट खळ्यात कसा दाखवावा

‘द ओल्ड मॅन अँड द गन’ हा डेव्हिड लोवरी यांचा 2018 चा चित्रपट घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवायचा असेल, तर सारी मांडणी चेहरे नीट दिसतील अशी करावी. वयाने उतरलेला फॉरेस्ट टकर बँकेत शिरतो, हसतमुखाने, अदबीने पैसे मागतो आणि तसाच बाहेर पडतो. टकरची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट रेडफर्ड यांच्या सुरकुत्यांतली ती मिस्किली हलत्या पडद्यावर पार हरवते.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पडदा म्हणून पांढरा पलंगपोस खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, दोन माडांना बांधला होता. दिवस मावळल्यावर खारा वारा पडला, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो. पण नऊच्या सुमारास डोंगराकडून मतलई वारा सुटला आणि टकर हॉटेलात नुकत्याच भेटलेल्या ज्युएल नावाच्या बाईला आपला धंदा चिठ्ठीवर लिहून दाखवतो, नेमक्या त्याच दृश्यात पलंगपोस शिडासारखा फुगला. म्हणून पडवीची चुना दिलेली भिंतच वापरावी आणि अंधार पडताच, सातला सुरुवात करावी, म्हणजे 93 मिनिटांचा चित्रपट मध्ये थांबत पाहिला तरी दंव पडण्याआधी संपतो.

संवाद इंग्रजी आहेत आणि माणसे हळू बोलतात, त्यामुळे आधी दहा मिनिटे गोष्ट सांगून ठेवावी: 1981 चे टेक्सस, बँका लुटणारे तीन म्हातारे, मागावरचा पोलीस जॉन हंट आणि घोडे पाळणारी विधवा ज्युएल. टकरच्या कानातले यंत्र बहिऱ्या माणसाचे नसून पोलिसांचा रेडिओ ऐकण्यासाठी आहे, हेही आवर्जून सांगावे, नाहीतर आपल्या आजी-आजोबांना ते स्वतःसारखेच वाटेल. कमी ऐकू येणाऱ्यांना स्पीकरजवळ बसवावे.

तुरुंगातून पळाल्याच्या प्रसंगांची मालिका आली की चित्रपट थांबवावा. ज्याच्यावर हा चित्रपट बेतला आहे तो खरा टकर 1979 मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगातून दोन साथीदारांसह स्वतः बनवलेल्या होडीतून निसटला होता, हे ऐकल्यावर ज्यांनी उभा जन्म वल्ही मारली त्यांना गप्प बसवणे अन्याय ठरेल. आमच्या शेजारच्या काकांनी त्या होडीच्या भेगा कशाने बुजवल्या असतील, काथ्या आणि राळ तुरुंगात कुठून मिळणार, आणि निघताना ओहोटी होती की भरती, याचा पाऊण तास काथ्याकूट केला. तो पुरा होऊ द्यावा आणि काका स्वतः ‘चालू कर रे’ म्हणतील तेव्हाच पुढचे दृश्य लावावे.