ट्रेलरवरची बोट पाण्यात उतरवणे आणि परत चढवणे

रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उतारावर, फक्त बोट सोडावी किंवा काढावी. सामान भरणे, पट्टे सोडवणे, इंजिन का सुरू होत नाही याचा शोध घेणे ही सगळी कामे रॅम्पपासून दूर, गाड्या उभ्या करण्याच्या जागेत उरकावीत. एवढे पथ्य पाळले तर मागे रांगेत ताटकळणाऱ्यांचा त्रास वाचतो आणि त्यांच्या नजरेखाली घाईने कामे करण्याची वेळही आपल्यावर येत नाही. तेव्हा लाइफ जॅकेट, इंधन, दोर आणि फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या उशा) आधीच जागेवर ठेवावेत, तळाच्या छिद्राचे बूच घट्ट बसले आहे ना हे हात लावून पाहावे, मागचे पट्टे सोडावेत आणि ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीपासून काढून ठेवावी. लांबून आला असाल तर चाकांचे हब (बेअरिंग असलेले मधले तुंबे) निवू द्यावेत. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढले जाते. पेट्रोल इंजिन बोटीच्या पोटात बसवलेले असेल, तर ते सुरू करण्यापूर्वी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारे यंत्र) निदान 4 मिनिटे चालवावा.

वेळ वाचवण्यासाठी विंचचा (ट्रेलरवर बोट ओढून घेणाऱ्या चरखीचा) पट्टा आणि पुढची सुरक्षा साखळीही वरच सोडून घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच ऐकू नये. रोलरच्या ट्रेलरवरची बोट उतार लागताच आपल्या वजनाने घसरते आणि थेट काँक्रीटवर आदळते. बोटीचा मागचा भाग तरंगू लागल्यावरच हे दोन्ही सोडावे, आणि त्याआधी पुढचा दोर कोणाच्या तरी हातात असावा.

गाडी मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरावा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवावा. ट्रेलर फार वाकला तर पुढे येऊन सरळ करून घ्यावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, सीटबेल्ट काढलेला असावा. रात्री हेडलाइट बंद ठेवावेत, कारण त्यांच्या झोतामुळे शेजारी गाडी मागे घेणाऱ्याला आरशात काहीच दिसत नाही. खूण करणारा माणूस एकच असावा. चौघांनी चार बाजूंनी ओरडून सांगितलेले चालकाच्या उपयोगाचे नसते. थांबल्यावर हँडब्रेक ओढून चाकांमागे अडण लावावी. ट्रेलरच्या मागे कोणीही, कोणत्याही कारणाने उभे राहू नये. बोट सुटली की ती जेटीच्या दूरच्या टोकाला नेऊन बांधावी आणि गाडी लगेच हलवावी.

बोट परत चढवणे हा मला सर्वांत जड गेलेला टप्पा आहे, आणि त्यात जवळजवळ सगळे काही ट्रेलर किती खोल न्यावा यावर अवलंबून असते. ‘खोल न्या, बोट आपोआप बसेल’ हे सांगणे साफ चुकीचे आहे. ट्रेलर फार खोल गेला तर बोट आधारफळ्यांना न टेकता त्यांच्यावर नुसती तरंगत राहते. वरून पाहताना ती नीट बसल्यासारखी वाटते, पण तेवढ्यात वारा तिचा मागचा भाग हळूच एका बाजूला नेतो, आणि गाडी वर ओढताच बोट तिरकी टेकते. मग सगळे पुन्हा पाण्यात न्यावे लागते. म्हणून आधी ट्रेलर पूर्ण बुडवून फळ्या ओल्या कराव्यात आणि नंतर पुढे घ्यावा, इतका की फळ्यांचा पुढचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर दिसेल. बोटीचे नाक या उघड्या भागावर टेकले की ते जागेवर राहते आणि उरलेली बोट मागोमाग सरळ येते. पाणी मडगार्डच्या कोणत्या उंचीला लागले होते ते लक्षात ठेवावे; मात्र ही खूण त्या एका रॅम्पपुरतीच खरी असते. उतार तीव्र असेल तर ट्रेलरचे मागचे टोक फार खोल जाते आणि पुढचे कोरडे राहते.

आडवा वारा असेल तर ट्रेलरच्या मध्याकडे रोख न धरता वारा येतो त्या बाजूला थोडा धरावा. बोटीच्या मागच्या कोपऱ्याला एक दोर बांधून तो वाऱ्याच्या बाजूला जेटीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती द्यावा. हा एक दोर बोट जितकी सरळ ठेवतो तितकी इंजिनाची कोणतीही कसरत ठेवत नाही.

इंजिनाचा जोर लावून बोट ट्रेलरवर चढवण्याला माझा ठाम विरोध आहे. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याचा झोत रॅम्पच्या टोकाखालची माती उकरतो. काँक्रीटच्या कडेपलीकडे खड्डा पडतो आणि त्यामागे मातीचा उंचवटा साचतो. पुढे कोणाच्या तरी ट्रेलरचे चाक त्या कडेवरून खाली उतरते आणि तिथेच अडकते. अनेक ठिकाणी या प्रकाराला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. नाक फळ्यांवर टेकताच इंजिन बंद करून बाकीचे अंतर विंचने ओढावे. ओढताना पट्ट्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये. विरलेला पट्टा तुटला तर त्याचा आकडा जोरात उलटा येतो. पाण्याच्या कडेला हिरवट शेवाळ असते, विशेषतः ओहोटीने उघड्या पडलेल्या पट्ट्यात, तिथे पकड असलेल्या बुटांशिवाय पाऊल टाकू नये.

साखळी लावावी, इंजिन वर उचलावे, बोटीतून सगळ्यांना उतरवावे आणि न थांबता वर यावे. पट्टे बांधणे वर, बाजूला. नवख्याची तारांबळ दिसली तर आधी विचारून मदतीला जावे.

निघण्यापूर्वी बूच काढून तळाचे पाणी तिथेच सोडावे आणि ट्रेलरला अडकलेले पाणवनस्पतींचे धागे हाताने काढावेत. उत्तर अमेरिकेच्या सेंट क्लेअर सरोवरात 1988 मध्ये आढळलेले झेब्रा शिंपले (बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे उपद्रवी शिंपले) पुढे एका जलाशयातून दुसऱ्यात गेले, त्याला अशा न धुतलेल्या बोटीही कारण झाल्या. दुसऱ्या पाण्यात उतरवण्यापूर्वी बोट आणि ट्रेलर धुवून निदान 5 दिवस पूर्ण वाळू द्यावेत, आणि विंचचा पट्टाही उलगडून वाळवावा, कारण गुंडाळलेल्या पट्ट्यात ओल फार काळ टिकते.