मायक्रोबायोलॉजीला नवीन आहात? शैवाल, बुरशी, प्रोटोझोआ आणि जंत शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

बीएस्सीला असताना बॅक्टेरियाचा अभ्यास आम्ही सगळ्यांनी मन लावून केला आणि हे चार चॅप्टर परीक्षेच्या तोंडावर कसेबसे उरकले. पुढे डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून पॅथॉलॉजी लॅबला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की स्टूलच्या स्लाइडवर जे दिसतं ते नेमकं त्याच उरकलेल्या पानांमधलं असतं.

सुरुवातीला एक शंका सगळ्यांना येते, वीतभर लांबीचा जंत मायक्रोबायोलॉजीत कशाला? तर पेशंटमध्ये जंत आहे हे कळतं ते त्याच्या अंड्यावरून, आणि अंडं मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही. अॅस्कॅरिसचं (आतड्यातल्या गोल जंताचं) फलित अंडं साधारण ४५ ते ७५ मायक्रॉनचं, पित्तामुळे तपकिरी झालेलं, वरून खडबडीत. हुकवर्मचं (अंकुशकृमीचं) पारदर्शक, पातळ कवचाचं, आत बहुतेक वेळा चार पेशी आणि कवच न् पेशींमध्ये मोकळी जागा. ट्रायकुरिसचं (चाबूककृमीचं) तर एकदा बघितलं की विसरत नाही, पिंपासारखं आणि दोन्ही टोकांना बूच मारल्यासारखं.

मी पहिल्यांदा एक गोल, जाड काठाची गोष्ट बघून वहीत सरळ अॅस्कॅरिस लिहिलं होतं. आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, फाइन फोकस जरा फिरव बघू, आणि फिरवल्यावर नुसता काळा चकचकीत काठ, आत काहीच नाही, म्हणजे हवेचा बुडबुडा. परागकण आणि भाजीच्या पेशी तर याहून जास्त फसवतात. तेव्हापासून माप, कवच आणि आत काय आहे या तीन गोष्टी बघितल्याशिवाय मी नाव लिहीत नाही, तुम्हीही ही सवय जर्नलच्या आकृत्या काढतानाच लावून घ्या, कारण पुस्तकातली आकृती बघून काढलेली आकृती हाताला काहीच शिकवत नाही.

प्रकाश कमी ठेवा, हे खरंच मनावर घ्या. नवीन मुलं लाइट फुल करतात आणि न रंगवलेले सिस्ट (प्रोटोझोआ या एकपेशी जीवांची कवचातली सुप्त अवस्था) त्या उजेडात विरून जातात, कंडेन्सर (स्टेजखालचं प्रकाश गोळा करणारं भिंग) थोडा खाली घेतला की तेच उठून दिसतात. एकाच स्लाइडवर सलाइन आणि आयोडीन असे दोन थेंब का घ्यायचे तेही समजून घ्या. सलाइनमध्ये ट्रोफोझॉइट (प्रोटोझोआची हलती अवस्था) जिवंत, हलताना दिसतो (जिआर्डिया झाडावरून गळणाऱ्या पानासारखा गिरक्या घेतो), आयोडीनमध्ये तो मरतो पण सिस्टमधले न्यूक्लिअस रंगून मोजता येतात. आमांश करणाऱ्या एंटअमीबा हिस्टोलिटिकाच्या पक्व सिस्टमध्ये चार, निरुपद्रवी एंटअमीबा कोलायमध्ये आठ, आणि सगळे एका पातळीत नसतात म्हणून फाइन फोकस हळूहळू वरखाली करत मोजायचे. पातळ शौचाचं सॅम्पल असेल तर अर्ध्या तासाच्या आत बघा, नाहीतर हालचाल संपलेली असते.

बुरशीचं महत्त्व महाराष्ट्राने २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमध्ये बघितलं. कल्चर वाढायची वाट बघायला वेळ नसतो, केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) माउंटमध्ये रुंद, रिबनसारखे, जवळपास पडदे नसलेले आणि बऱ्याचदा काटकोनात फुटणारे हायफी (बुरशीचे तंतू) दिसले की डॉक्टरांना लगेच कळवायचं. अॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे हायफी बारीक, पडदे असलेले, लघुकोनात फांद्या फुटणारे. हा फरक व्हायव्हाला हमखास विचारतात, पण मला तो पेशंटसाठी जास्त मोलाचा वाटतो. आणि हो, बुरशीच्या प्लेटचं झाकण उघडून वास घेऊ नका, स्पोअर सरळ नाकात जातात.

शैवालाचं थोडक्यात सांगते. नीलहरित शैवाल नावाने शैवाल असले तरी बॅक्टेरिया आहेत, तिथे मार्क जातात. आणि ज्या अगारवर (प्लेटमधल्या जेलीवर) आपण सगळं वाढवतो तो लाल शैवालापासून येतो.

जंतांचा चॅप्टर वाचताना एकदा घरी आजीला नारू या जंताबद्दल विचारा. पायातून निघणारा तो लांब दोरा काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचे, तुटला तर भयंकर सूज यायची. पायविहिरीत उतरून पाणी भरायचं, तेव्हा पायातल्या नारूच्या अळ्या पाण्यात पडायच्या, त्या सायक्लॉप्स (पाण्यातला अगदी बारीक जीव) गिळायचा आणि तेच पाणी लोक प्यायचे, असं ते चक्र होतं. पाणी फडक्याने गाळून, पायविहिरी बंद करून ते तोडलं आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. ते एकदा डोळ्यांसमोर आलं की लाइफ सायकलच्या त्या बाणांच्या आकृत्या मला परत कधी पाठ कराव्या लागल्या नाहीत.