सलाईन सुरू झाल्यावर नजर हातावर

सलाईन लावायला हात लवकर बसतो. लावलेल्या सलाईनकडे बघत राहणं मात्र शिकवावं लागतं, म्हणून वॉर्डात नवीन आलेल्या सिस्टर-ब्रदरना मी हे सांगतेच.

पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या, केसपेपरशी ताडा, ॲलर्जी विचारा. बाटली उजेडात धरा, हलकी दाबून बघा. गढूळ किंवा गळकी असेल तर बाजूला काढा. हात धुवा. स्पिरिट पुसल्यावर जागा आपोआप वाळू द्या आणि मग तिथे पुन्हा बोट लावू नका. शीर शक्यतो सांध्यापासून दूरची निवडा. डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर) असलेला हात वर्ज्य. सेटमधली हवा काढूनच नळी जोडा. थेंब पडावेत म्हणून बाटलीला सुई टोचायची सवय अनेक ठिकाणी दिसते. त्या भोकातून जंतू आत जातात. एअर व्हेंटवाला, म्हणजे हवा गाळून आत घेणारा सेट मागा.

५०० मिली ४ तासांत द्यायचं आणि सेट २० थेंबांचा (२० थेंबांत १ मिली) असेल, तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं: मिनिटाला साधारण ४२ थेंब. घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजा. पेशंटने कोपर वाकवलं की वेग बदलतो, म्हणून पुन्हा मोजा. ‘लवकर संपू दे’ म्हणून नातेवाईक रोलर, म्हणजे नळीवरचं वेग कमी-जास्त करायचं चाक फिरवतात; का फिरवायचा नाही, ते त्यांना नीट समजावा. वयस्कर, हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला जास्त पाणी गेलं तर दम लागतो. तसं दिसलं तर वेग अगदी कमी करा, डोकं उंच करा, डॉक्टरांना लगेच बोलवा.

केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) कधीही थेट शिरेत ढकलू नका. लटकत्या बाटलीतही टाकू नका, ते तोंडाशी साचून एकदम जाऊ शकतं. रोलर बंद करा, बाटली खाली घ्या, औषध घाला, उलटसुलट करून मिसळा, लेबल लावा.

आणि हात बघत राहा. चादर बाजूला करा, बोटांनी चाचपा. गार आणि फुगलेला असेल तर सलाईन आउट झालंय, म्हणजे शिरेबाहेर जातंय. लाल, गरम, दुखरी, दोरीसारखी लागणारी शीर म्हणजे शिरेलाच सूज. दोन्हींत सलाईन बंद करा, इंट्राकॅथ (शिरेतली प्लास्टिकची नळी) काढा, दुसऱ्या हाताला लावा. नॉरॲड्रेनलिनसारखं (बीपी वाढवणारं) औषध आउट झालं असेल तर मात्र सलाईन बंद करून इंट्राकॅथ तसंच ठेवा, फ्लश करू नका, म्हणजे त्यातून काही ढकलू नका, ताबडतोब डॉक्टरांना कळवा. पेशंट ‘दुखतंय’ म्हणाला की थेंब नीट पडत असले तरी उठून बघा.